मधुमेह आहे, पण कोणता?

(पुण्यातील कर्वेनगर येथे कुटुंबांसाठी योजलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



मधुमेहावर बोलण्यासाठी आपण एका पत्रकाराला बोलावलेत, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. मी वैद्य नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. औषध सुचविण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे खपून जे शोधले, ते समजून घेऊन चार घरांत पोहोचविणे हे पत्रकाराचे कर्तव्य आहे. त्याच भूमिकेतून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

मधुमेह आता आपल्या घरातला झाला आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचे ताट पुढे आले की कोणीतरी हात आडवा धरतो आणि म्हणतो, "नको, मला शुगर आहे." लगेच शेजारचा विचारतो, "किती आहे?" मग उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, अशा आकड्यांची देवाणघेवाण होते. कोण कोणती गोळी घेतो, कोण कारल्याचा रस पितो, हेही निघते. पण "तुमचा मधुमेह कोणत्या प्रकारचा?" हा प्रश्न पंगतीत कोणी विचारत नाही. खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा दवाखान्यातही तो विचारला जात नाही. आजचे माझे सारे प्रतिपादन या एका प्रश्नाभोवती आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण प्रौढांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. एवढ्या प्रचंड समुदायाला आपण एकाच नावाने ओळखतो आणि एकाच मापाने मोजतो. ताप आला म्हणजे तो हिवतापाचा, विषमज्वराचा की डेंग्यूचा, हे आपण पाहतो. रक्तातील साखर वाढली, तर ती कशामुळे वाढली हे पाहायला नको का?

प्राचीन निरीक्षण

हा भेद पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेला नवीन नाही. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार मानले आणि मधुमेह हा त्यांपैकी एक. सुश्रुतसंहितेने तर प्रमेहाचे आणखी एक मूलगामी वर्गीकरण केले. एक 'सहज', म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून जन्मतःच आलेला. दुसरा 'अपथ्यनिमित्तज', म्हणजे चुकीच्या आहारविहारातून ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश, रुक्ष, सतत तहानलेला असतो. दुसरा बहुधा स्थूल, भरपूर खाणारा आणि आसन-शय्या न सोडणारा असतो, असे वर्णन तेथे आहे. दोघांचे उपचारही वेगळे. स्थूल रुग्णाने चालावे, गायी राखाव्यात, विहीर खणावी, असे कष्ट सांगितले. कृश रुग्णाला मात्र जपावे, त्याचे पोषण करावे, असे बजावले.

याचा अर्थ आजचे सारे शोध सुश्रुतांना ठाऊक होते, असा कोणी काढू नये. रक्तातील साखर मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते आणि स्वादुपिंडाचे कार्यही ज्ञात नव्हते. परंतु रुग्णाकडे डोळसपणे पाहून, दिसायला सारखा असणारा रोग मुळात दोन निराळे रोग असू शकतात, एवढे ओळखणे ही थोर बुद्धीची खूण आहे. युरोपात हा भेद प्रयोगाने दाखवून देण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनचे डॉ. हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी असे दाखविले, की काही मधुमेहींच्या शरीरावर इन्सुलिनचा चांगला परिणाम होतो आणि काहींच्या शरीरावर तो पुरेसा होत नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा, तर त्यांची ही विवेकाची दृष्टी उचलली पाहिजे. एकच काढा सर्वांना देणारे लोक सुश्रुतांचे वारस म्हणविता येणार नाहीत.

किल्ली आणि कुलूप

शरीरात घडते काय, ते थोडक्यात पाहू. आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची अखेर साखर होते आणि ती रक्तात उतरते. ती पेशींच्या आत गेली तरच शक्ती मिळते. पेशींचे दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातील बीटा पेशी ती किल्ली घडवितात. आता दोन प्रकारचे बिघाड संभवतात. एक, किल्ल्या घडविणारा कारखानाच बंद पडतो किंवा पुरेसा माल काढत नाही. दोन, किल्ल्या भरपूर असतात, पण कुलपेच गंजलेली असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरांची दारे बंदच दिसतात, रक्तातील साखर दोन्हीकडे वाढलेलीच असते. पण एका ठिकाणी किल्ली पुरवावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी कुलपाचा गंज काढावा लागतो. मधुमेहाच्या प्रकारांचे मर्म एवढ्यात आहे.

टाइप वन : इन्सुलिन हेच जीवन

पहिला प्रकार 'टाइप वन'. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वतःच्या बीटा पेशींवर हल्ला करते आणि हळूहळू त्या नष्ट करते. हा प्रकार बहुधा बालपणी वा तारुण्यात प्रकटतो, पण कोणत्याही वयात होऊ शकतो. मुलाने मिठाई फार खाल्ली म्हणून, किंवा आईवडिलांनी काही हयगय केली म्हणून तो होत नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण अशा मुलाची आई पुष्कळदा विनाकारण स्वतःला दोष देत राहते, आणि नातेवाईक तिच्या दुःखात भर घालतात.

लक्षणे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावीत. मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागते, वारंवार लघवीला जाते, अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ते करू लागते, भूक असूनही वजन झपाट्याने उतरते. याकडे दुर्लक्ष झाले तर रक्तात आम्ल साठते. मग उलट्या, पोटदुखी, जोरजोराने श्वास, तोंडाला फळासारखा गोडसर वास आणि अखेर बेशुद्धी. याला वैद्यक 'किटोॲसिडोसिस' म्हणते. पोटदुखीचे औषध देऊन दोन दिवस वाट पाहण्याचा हा प्रसंग नव्हे. तत्काळ साखर तपासून रुग्णालय गाठले पाहिजे.

१९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले. रसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी ते माणसाला देण्याजोगे शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. मरणाच्या दारातून परतलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मृत्यू काही काळ लांबविणे, एवढाच उपाय होता. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

म्हणून माझे हात जोडून सांगणे आहे. टाइप वनच्या मुलाचे इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. चूर्ण, काढा, आसन, उपवास, मंत्र, यांपैकी कशानेही नष्ट झालेल्या बीटा पेशी परत येत नाहीत. योगासनांनी त्या मुलाचे शरीर लवचीक होईल, प्राणायामाने मन शांत होईल, हे सारे अवश्य करावे. पण इन्सुलिन चालू ठेवूनच करावे. टाइप टू झालेल्या एखाद्या काकांची गोळी चालण्याने आणि पथ्याने सुटली, हे खरे असेल. त्या काकांचा अनुभव दहा वर्षांच्या भाचीला लागू करणे म्हणजे तिच्या प्राणाशी खेळणे आहे.

दुसरी गोष्ट सामाजिक आहे. सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतही मुलीला इन्सुलिन लागते हे लपविले जाते. शाळेत सांगत नाहीत, सोयरिकीच्या वेळी तर नाहीच नाही. मग ती मुलगी लग्नघरात चोरून इन्सुलिन घेते, कधी टाळते, आणि आजारी पडते. नीट काळजी घेणारी टाइप वनची मुलगी शिकते, नोकरी करते, खेळते, निरोगी अपत्याला जन्मही देते. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांनी उभारलेल्या 'उडान' संस्थेसारखी कामे अशा मुलांना औषधाबरोबर आत्मविश्वासही देतात. समाजाने करायचे काम एवढेच आहे, की या मुलांना 'बिचारी' म्हणू नये आणि त्यांचा आजार झाकायला लावू नये.

टाइप टू : पुण्याने जगाला शिकविलेला धडा

दुसरा प्रकार 'टाइप टू'. मधुमेहींपैकी बहुसंख्य याच प्रकारचे. येथे कुलपे गंजतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, कारखाना जादा पाळी करून किल्ल्या पुरवितो आणि कालांतराने थकतो. आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठे काम, अपुरी झोप, ताण, ही त्याची परिचित कारणे.

परंतु येथे आपल्या पुण्याचे योगदान अभिमानाने सांगितले पाहिजे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे सतावत होते. पाश्चात्त्य ग्रंथ सांगत, की टाइप टू हा उतारवयातील लठ्ठ माणसांचा रोग. त्यांच्यासमोर बसणारे रुग्ण मात्र तरुण होते आणि लठ्ठ नव्हते. असे का?

उत्तराच्या शोधात १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी एक अभ्यास आरंभिला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डॉ. कॅरोलाइन फॉल त्यात सहभागी होत्या. गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या, गर्भारपणी त्यांचा आहार आणि श्रम मोजले, जन्मलेल्या बाळांची मोजमापे घेतली आणि त्या साडेसातशेहून अधिक मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. त्या शेतकरी माता सडपातळ होत्या. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. नवल पुढेच आहे. आपली बाळे दिसायला लहान आणि हडकुळी, त्यांचे स्नायू कमी, यकृतादी अवयव लहान. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून होती! म्हणजे गर्भातच शरीर स्नायूंच्या बदल्यात चरबी राखत होते. या अवस्थेला त्यांनी 'कृश तरीही मेदस्वी भारतीय बालक' असे नाव दिले.

२००४ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एका छायाचित्राने साऱ्या जगाला सांगितले, की वजनकाटा भारतीय माणसाची पुरती कथा सांगत नाही.

याच सहा गावांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर सामान्य मर्यादेच्या वर आढळली, आणि ही मुले लठ्ठ नव्हती! म्हणून "आमच्या घरात कोणी जाड नाही, आम्हांला कसली भीती?" या भ्रमात राहू नका. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी वेगळी मापे ठरविली आहेत. निर्देशांक २३ च्या वर गेला की सावध व्हावे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर याच्या आत असावी. शिवणकामाची साधी फीत घरोघरी असते. आज घरी जाऊन तिचा उपयोग करा.

टाइप टूच्या बाबतीत आशेचा भागही मोठा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरील भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित चालणे आणि आहारातील सुधारणा यांमुळे मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी घटली. कालव्याकाठी रोज पहाटे चालणारी आपल्या भागातील मंडळी योग्य तेच करीत आहेत. फक्त फेरी संपल्यावर गरम वडापावचा नैवेद्य टाळावा!

उपासमारीतून येणारा मधुमेह

आता एका विस्मृत प्रकाराकडे वळू. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, असे आपण समजतो. पण अत्यंत कृश, गरीब, तरुण रुग्णांत आढळणारा एक मधुमेह आहे. १९५५ साली डॉ. ह्यू-जोन्स यांनी जमैकात अशा रुग्णांची नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली 'कुपोषणाशी निगडित मधुमेह' म्हणून त्याला स्वतंत्र स्थान दिले, आणि पुरावा अपुरा म्हणून १९९९ साली ते काढून घेतले. ज्यांच्याविषयी बोलायला कोणी नाही अशा रुग्णांचे रोगाच्या यादीतले नावही गेले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांनी हा विषय सोडला नाही. या रुग्णांत इन्सुलिन अपुरे बनते, पण ते टाइप वन नसतात, कारण इन्सुलिन न मिळूनही त्यांना सहसा किटोॲसिडोसिस होत नाही; आणि टाइप टूही नसतात, कारण त्यांची कुलपे फारशी गंजलेली नसतात, हे त्यांच्या गटाने २०२२ साली दाखविले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप फाइव्ह' या नावाने त्याला मान्यता दिली. यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत, आणि ते असणे शास्त्राला शोभणारेच आहे. पण व्यवहारातील मुद्दा निर्विवाद आहे. अशा कृश मजुराला टाइप वन समजून इन्सुलिनची मोठी मात्रा दिली, तर त्याची साखर एकदम खाली घसरून प्राण जाऊ शकतात. घरात खायला पुरेसे नसेल तर धोका अधिकच. स्थूल माणसाचे पथ्य सांगून त्याचा घास कमी केला, तर तो आणखी खंगेल. सुश्रुतांनी कृश रुग्णाला जपावे असे म्हटले, ते येथे आठवते.

याला पुण्याच्याच आणखी एका प्रयोगाची जोड देतो. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय यांतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने, डॉ. आनंदवर्धन हर्डीकर यांच्या पुढाकाराने, उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढविल्या गेल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या उंदरांत मधुमेहाची प्रवृत्ती बळावली, आणि पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही ती गेली नाही. उंदरांवरून माणसाचा सरळ निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. तरीही दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांची साखर प्रौढपणी अधिक वाढलेली दिसली. आपल्या महाराष्ट्राने तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक दुष्काळ सोसले. पिढ्यान् पिढ्यांची भूक आणि त्यानंतर अचानक आलेली सुबत्ता, असा हा विचित्र संयोग आपल्या शरीरांत भेटत असावा, असे मानण्यास जागा आहे.

गर्भारपणातील मधुमेह

गर्भावस्थेतील मधुमेह हा आणखी एक प्रकार. गर्भारपणी शरीराला अधिक इन्सुलिन लागते; ते पुरे पडले नाही की साखर वाढते. प्रसूतीनंतर ती बहुधा उतरते, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकून विषय विसरतात. पण त्या मातेला पुढे टाइप टू होण्याचा धोका पुष्कळ वाढलेला असतो आणि बाळालाही तो वारसा मिळतो. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी याची सोपी चाचणी रूढ केली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी साखर पाहायची. १४० किंवा अधिक आली तर निदान निश्चित. उपाशी येण्याचीही सक्ती नाही. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही चाचणी पहिल्याच तपासणीच्या वेळी, आणि ती ठीक आल्यास पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. सासूबाईंनी डोहाळजेवणाचा बेत ठरविताना सुनेची ही चाचणी झाली का, हेही विचारावे.

काही दुर्मीळ प्रकार

आणखी काही प्रकार दुर्मीळ असले तरी ओळखले पाहिजेत. केवळ एका जनुकातील दोषाने होणारा 'मोडी' हा मधुमेह आजोबा, वडील, मुलगा असा पिढीजात, ऐन तारुण्यात आणि सडपातळ शरीरात दिसतो. त्याच्या काही उपप्रकारांत साधी गोळी इन्सुलिनपेक्षा चांगली लागू पडते. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या बाळांची जनुकीय तपासणी आवश्यक असते. त्यांपैकी काहींची इन्सुलिनमधून सुटका होऊन ती गोळ्यांवर येतात, हे २००६ साली सिद्ध झाले. स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज राहिल्याने, त्यात खडे झाल्याने किंवा मद्यपानाने ते निकामी झाल्यास वेगळाच मधुमेह होतो. स्टेरॉइड औषधांनीही साखर वाढते. २०२१ च्या कोरोना लाटेत आपण ते पाहिले. चाळिशीनंतर टाइप टू समजून गोळ्या दिल्या, पण लवकरच त्या पुरेनाशा झाल्या, अशा काहींत हळूहळू वाढणारा टाइप वनसारखा प्रकार निघतो.

एवढेच नव्हे, तर टाइप टूच्या पोटातही उपगट आहेत. २०१८ साली स्वीडनच्या संशोधकांनी मधुमेहींचे पाच गट पाडले. तीच पद्धत केईएममधील पंचेचाळीस वर्षांखालील टाइप टूच्या १,६१२ रुग्णांना लावली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण तीव्र इन्सुलिन-न्यूनतेच्या गटात आले. स्वीडनमध्ये हा गट एवढा मोठा नाही. तात्पर्य, आपल्या तरुण मधुमेहींत गंजलेल्या कुलपांइतकाच अशक्त कारखान्याचाही विचार झाला पाहिजे. परदेशी पुस्तकातील रुग्ण आणि आपल्यासमोरचा रुग्ण एकच असेल, असे धरून चालता येत नाही.

आपण काय करावे?

पाच गोष्टी सांगतो. पहिली, तिशी ओलांडली की वर्षातून एकदा साखर तपासा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ वा अधिक म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ६.५ वा अधिक असल्यासही मधुमेह. लक्षणे नसतील तर एका चाचणीवर न थांबता दुसऱ्यांदा खात्री करून घ्यावी. दुसरी, निदान झाले की डॉक्टरांना आदराने पण स्पष्टपणे विचारा, "माझा मधुमेह कोणता? तो कशावरून ठरविला?" वय लहान, शरीर कृश किंवा गोळ्या लागू पडत नसतील, तर शरीरात इन्सुलिन किती बनते हे सांगणारी सी-पेप्टाइड चाचणी आणि प्रतिपिंडांची चाचणी लागते का, हेही विचारा. तिसरी, घराण्यात कोणाला, कोणत्या वयात मधुमेह झाला, याची नोंद लिहून ठेवा. डॉक्टरांना ती मोलाची ठरते. चौथी, चालू औषध स्वतःच्या मनाने, जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्याच्या शिफारशीने बंद करू नका.

पाचवी गोष्ट घरातील मुली-सुनांविषयी. त्या सहा गावांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती; आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फॉलिक ॲसिड भरपूर होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. गर्भारपणातील फॉलिक ॲसिडची गोळी आवश्यकच आहे, ती थांबवू नये. पण बी-१२ कडेही लक्ष हवे. शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच येते. ते पुरत नसेल तर तपासणी करून गोळी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींनीही बी-१२ तपासावे. आपल्या शेजारच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी याच अभ्यासातून दाखविले, की ज्या गर्भवतींच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची बाळे अधिक भरली, आणि ज्यांना शेतात-घरात फार कष्ट पडले त्यांची बाळे लहान राहिली. औषधांच्या दुकानात न मिळणारे हे औषध आहे. सुनेच्या ताटातील पालेभाजी, तिच्या वाट्याचा पेलाभर दूध आणि दुपारची घटकाभर विश्रांती.

मित्रहो, आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ते पूर्वीचे हिंगणे. १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम या माळावर आणला, तेव्हा स्त्रीच्या शिक्षणात समाजाचे भवितव्य आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज वैद्यकशास्त्र त्याला एक पुस्ती जोडत आहे. समाजाचे आरोग्य मातेच्या पोटात ठरते, आणि तेही ती माता होण्याच्या कितीतरी आधी, ती शाळकरी मुलगी असतानाच. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवणारी स्त्री ही पुढच्या पिढीच्या मधुमेहाची सुरुवात असू शकते. ती पंगत आपल्याला बदलता येईल. त्यासाठी कोणत्याही शासकीय योजनेची, कोणत्याही औषध कंपनीची वाट पाहावी लागत नाही.

आज रात्री घरी गेल्यावर एवढेच करा. घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांना विचारा, "तुमचा मधुमेह कोणता?" उत्तर ठाऊक नसेल, तर पुढच्या तपासणीला जाताना हा प्रश्न कागदावर लिहून न्या. आणि जेवायला सर्वांनी एकत्र बसा.